अपोजी एमक्यू-५०० क्वांटम मीटर: पॉलिहाऊसवाल्यांसाठी रिव्ह्यू

मावळात आमचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. फुलं कमी आली की सगळे आधी खताकडेच बघतात, ड्रिपमधून अजून काहीतरी सोडतात, पण आत उजेड किती पोचतोय ते कुणी मोजत नाही. आणि नजरेने ते कळतही नाही, बाहेरचा उजेड आत निम्मा झाला तरी आपल्याला दोन्हीकडे लख्खच दिसतं. म्हणून हा मीटर घेतला. अमेरिकेत युटामधली अपोजी कंपनी बनवते.

हातात मावेल एवढं डिस्प्लेचं युनिट, त्याला वायर, आणि वायरच्या टोकाला छोटा सेन्सर. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, म्हणजे पानं ज्याच्यावर अन्न बनवतात तो, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशाचे कण मोजायचं एकक) पडतो ते दाखवतो. भर उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. वायर असल्यामुळे सेन्सर पानांच्या उंचीला ठेवून आपण बाजूला उभं राहू शकतो, नाहीतर आपलीच सावली मोजली जाते. फक्त सेन्सर अगदी सपाट ठेवा, जरा कलला तरी रीडिंग बदलतं.

खरे पैसे वसूल झाले ते पेपरवर, म्हणजे पॉलिहाऊसवरच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनावर. एप्रिलात दुपारी बाहेर १९०० च्या आसपास, आत जुन्या पेपरखाली जेमतेम ९५०, आणि त्याच पेपरचा धुतलेला पट्टा होता त्याच्याखाली १२०० च्या वर! एवढा उजेड नुसती धूळ आणि शेवाळ खात होतं. तेव्हापासून पावसाळ्याआधी पेपर धुणं पक्कं, आणि शेडनेट घड्याळ बघून न ओढता आकडा बघून ओढतो, ढगाळ दिवशी तर ओढतच नाही.

लॉगिंगवर ठेवला की अर्ध्या अर्ध्या तासाची सरासरी साठवतो आणि दिवसभराची बेरीजही देतो, तीच जास्त कामाची, कारण झाडाला दुपारचा एक आकडा नाही तर दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश लागतो. चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोमोल आली तर दिवसाचे ८.६ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) होतात, सरासरी ३०० असेल तर जवळपास २६.

आता कोणी घेऊ नये ते पण सांगतो. नुसत्या उन्हाचाच अंदाज हवा असेल तर साधा लक्स मीटर घ्या आणि आकड्याला ५४ ने भागा, बऱ्यापैकी जवळ येतं. पण लाल-निळ्या एलईडीखाली रोपं वाढवत असाल तर तो हिशोब पार चुकतो, लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्याला जास्त वजन देतो, तिथे हाच मीटर पाहिजे. किंमत एकट्याला जड जाते, चार-पाच पॉलिहाऊसवाल्यांनी मिळून घेतला तर उत्तम.

फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारे नोझल) चालू असताना युनिट पिशवीत ठेवा. सेन्सरवर धूळ बसली की रीडिंग कमी येतं, ओल्या मऊ कापडाने पुसा, घासू नका. आणि कंपनी दर दोन वर्षांनी कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग तपासून परत अचूक जुळवणं, करायला सांगते, तो खर्च आधीच धरून ठेवा.