कॉर्डोमा फाउंडेशनची रुग्णसेवा : मिळते काय, मिळत नाही काय

कॉर्डोमा हा पाठीचा कणा आणि कवटीचा तळ येथील हाडांत होणारा दुर्मीळ कर्करोग आहे. दरवर्षी साधारण दहा लाख लोकांमागे एकाला तो होतो, म्हणजे एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांना उभ्या कारकिर्दीत त्याचा एखाद-दुसरा रुग्ण भेटला तरी पुष्कळ. माझ्या मामांना माकडहाडाच्या वर असलेल्या हाडात, म्हणजे त्रिकास्थीत, ही गाठ निघाली तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरॅम येथे असलेल्या ‘कॉर्डोमा फाउंडेशन’ या संस्थेचे रुग्णशिक्षणाचे साहित्य आमच्या घरात अक्षरशः पानापानाने वाचले गेले. संस्थेच्या सर्व सेवा विनामूल्य आहेत. तथापि फुकट मिळते म्हणून कौतुक करावे आणि थांबावे, असा हा विषय नसल्याने तिच्या कामाचे परीक्षण इतर कोणत्याही सेवेचे करावे तसेच येथे केले आहे.

संस्था २००७ साली जॉश सॉमर आणि त्यांच्या आई डॉ. सिमोन सॉमर यांनी स्थापन केली. जॉश ड्यूक विद्यापीठात शिकत असताना, २००६ मध्ये, त्यांना कवटीच्या तळाशी कॉर्डोमा असल्याचे निदान झाले होते, आणि योगायोग असा की या रोगावर काम करणाऱ्या जगातील मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एक, डॉ. मायकेल केली, त्यांच्याच विद्यापीठात होते. जॉश त्यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले आणि मग संशोधनाचे घोडे कुठे अडले आहे ते त्यांना आतून दिसले. संशोधकांना प्रयोग करण्यासाठी पेशीच मिळत नव्हत्या. प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या कर्करोगपेशींचा संच नसेल तर औषध तपासायचे कशावर? त्यातही कॉर्डोमाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही पेशीसंचांत मुळात कॉर्डोमा नव्हताच, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत उघड झाले. संस्थेने नवे पेशीसंच तयार करणाऱ्यांसाठी दहा हजार डॉलरचे पारितोषिक ठेवले, आलेले संच पारखून घेतले आणि ते मागेल त्या प्रयोगशाळेला पोहोचवण्याची व्यवस्था केली. मोठ्या औषधकंपन्यांना ज्या रोगाच्या बाजारपेठेत रस नाही, त्या रोगासाठी हे काम रुग्णांच्याच संस्थेने अंगावर घ्यावे, हे मला तिचे सर्वांत भक्कम अंग वाटते. जनजागृतीच्या गुलाबी फिती वाटणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. प्रयोगासाठी गाठ रुजवलेल्या उंदरांचा आणि पेशींच्या बाटल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या थोड्या.

संशोधनाची ही बाजू रुग्णाला सांगताना संस्था त्याला अडाणी समजत नाही, हेही नोंदवायला हवे. गर्भावस्थेत कण्याच्या जागी असलेल्या पृष्ठरज्जूचे अवशेष जन्मानंतरही शरीरात राहतात आणि कॉर्डोमा त्यांतून उद्भवतो. ‘ब्रॅक्युरी’ नावाचे प्रथिन, जे प्रौढ शरीरात जवळपास सगळीकडे थंडावलेले असते, ते या गाठीत सक्रिय असते. आणि काही कुटुंबांत हा रोग एकाहून अधिक जणांना का झाला याचा शोध घेताना २००९ साली याच प्रथिनाच्या जनुकाची जादा प्रत सापडली, असा हा धागा बारावीपर्यंत शास्त्र शिकलेल्या वाचकाला समजेल अशा भाषेत उलगडला आहे. ऊतीच्या तपासणीच्या अहवालात ‘ब्रॅक्युरी पॉझिटिव्ह’ हे शब्द का शोधायचे, हे मला त्यातून कळले. अफाटिनिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील गोळीचा कॉर्डोमाच्या पेशींवर परिणाम होतो हे २०१८ मध्ये प्रयोगशाळेत दिसले आणि पुढे युरोपात रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली, अशा घडामोडीही दिल्या आहेत. मात्र केवळ कॉर्डोमासाठी म्हणून मंजूर झालेले एकही औषध नाही, हे संस्था कुठेही झाकत नाही. खोटी आशा विकणाऱ्यांचा सुळसुळाट पाहिलेल्या माणसाला हा संयम लगेच जाणवतो.

तरीही रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे उपचारांच्या शिफारशींची पुस्तिका. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी रुग्णप्रतिनिधींसह एकत्र बसून ठरवलेली भूमिका २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि तिचेच रुग्णांसाठीचे सोपे रूप संस्थेने तयार केले. या पुस्तिकेतला बायोप्सीसंबंधीचा, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्यासंबंधीचा, मजकूर प्रत्येकाने वाचावा असा आहे. कॉर्डोमाच्या पेशी सुईच्या वाटेवर सांडल्या तर त्या तिथे रुजू शकतात, म्हणून त्रिकास्थीतील गाठीचा तुकडा घेताना सुई पाठीकडून घालावी, गुदाशयातून घालू नये, आणि ती वाट पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढून टाकता येईल अशी आधीच ठरवावी. ज्या शल्यविशारदांकडून शस्त्रक्रिया करून घ्यायची, शक्यतो त्यांच्या सल्ल्यानेच बायोप्सी व्हावी. तसेच गाठ तुकड्यातुकड्यांनी न काढता, तिच्या आवरणाला छेद न देता, शक्य असेल तिथे अखंड काढावी. हे सगळे पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी कळले तरच उपयोगाचे आहे. नंतर कळले तर नुसती हळहळ. मामांचे दुखणे कित्येक महिने सायटिका म्हणूनच चालले होते. बसले की कळ यायची, म्हणून ते मधोमध भोक असलेली रबराची हवेची रिंग घेऊन बसत आणि जेवणही बरेचदा उभ्याने उरकत. अखेर एमआरआयमध्ये गाठ दिसली तेव्हा एका दवाखान्यात ‘उद्याच सुई घालून बघू’ असे सांगण्यात आले होते. पुस्तिका वाचलेली असल्यामुळे, सुई कोणत्या बाजूने, हा एक प्रश्न आम्ही विचारू शकलो, आणि तिथली बायोप्सी थांबवून मुंबईला जाण्याचा निर्णय घेऊ शकलो.

याच साहित्यात आणखी एक गोष्ट आहे, जिची आपल्याकडे फारच वानवा असते. त्रिकास्थीवरील शस्त्रक्रियेनंतर लघवी, शौच आणि लैंगिक संबंध यांवरील ताबा कितपत राहील हे त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नसांच्या मुळांपैकी किती वाचवता येतात यावर बरेचसे अवलंबून असते, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. स्वतःच नळी घालून लघवी काढणे, पोट साफ होण्याची वेळ ठरवून घेणे, जखम भरेपर्यंत पालथे किंवा कुशीवर झोपणे, हे सारे संकोच न ठेवता मांडलेले आहे. मी तो भाग मराठीत वाचून दाखवला तेव्हा मामी म्हणाल्या, “अरे, हे आम्ही डॉक्टरांना विचारणार कसं?” शेवटी प्रश्न वहीत लिहून ती वही मामांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, आणि डॉक्टरांनीही कागदावर मणक्याचे चित्र काढून एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या तयार याद्या संस्था देते. आपल्या माणसांच्या बाबतीत अशी यादी हातात असणे म्हणजे अर्धा संकोच गेल्यासारखेच आहे.

किरणोपचाराचा भाग त्या मानाने तांत्रिक आहे. कॉर्डोमाला मारण्यासाठी साधारण ७० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) जास्त मात्रा लागते आणि शेजारीच मज्जारज्जू, मेंदूचा देठ किंवा दृष्टीच्या नसा असतात, म्हणून ठरावीक खोलीवर ऊर्जा सोडून पुढे न जाणाऱ्या प्रोटॉनचा उपयोग होतो, एवढे समजले तरी पुरे. पूर्वी यासाठी परदेशाशिवाय गत्यंतर नसे. २०१९ पासून चेन्नईच्या अपोलो केंद्रात आणि २०२३ पासून टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार होऊ लागले आहेत, त्यामुळे परदेशातल्या पुस्तिकेतील ही शिफारस महाराष्ट्रातील रुग्णाला आता निव्वळ वाचनापुरती राहिलेली नाही.

संस्थेची व्यक्तिगत मार्गदर्शनसेवाही आहे. जगातील कोणत्याही देशातून ईमेलने किंवा फोनवर प्रश्न विचारता येतात आणि अहवालातील शब्दांचा अर्थ, उपचारांचे पर्याय, रुग्णांवर चालू असलेल्या औषधांच्या चाचण्या यांविषयी प्रशिक्षित व्यक्ती उत्तर देते. इच्छा असल्यास त्याच रोगातून गेलेल्या दुसऱ्या रुग्णाशी गाठ घालून दिली जाते. ही सेवा वैद्यकीय सल्ला देत नाही आणि ‘अमुक डॉक्टरांकडेच जा’ असा हुकूम सोडत नाही. आपल्याकडे ‘तुम्हीच सांगा, काय करू?’ असे विचारण्याची सवय असल्याने काहींचा येथे हिरमोड होईल. मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटला. फोन करणाऱ्यांनी वेळेचे गणित ध्यानात ठेवावे: त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात.

उणिवांबद्दल बोलायचे तर संस्थेचे केंद्र अमेरिकेत आहे, आणि ते पानोपानी जाणवते. चाचण्यांची माहिती मुख्यतः अमेरिका आणि युरोपातील रुग्णालयांची असते. विम्याबद्दलचा मजकूर तिथल्या व्यवस्थेचा असल्याने आपल्या कामाचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, कोणती कागदपत्रे लागतात, परगावच्या रुग्णाने मुंबईत राहायचे कुठे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसाठी चिठ्ठी कुठून घ्यायची, हे प्रश्न रुग्णालयातील समाजसेवा विभागातच सुटतात, आणि ते सोडवण्याची अपेक्षा डरॅममधल्या संस्थेकडून करणेही रास्त नाही. खरी अडचण भाषेची आहे. आम्ही सारे साहित्य इंग्रजीतूनच वाचले, आणि घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसते तर ही संस्था आमच्यासाठी असून नसल्यासारखीच होती. शिफारशींच्या पुस्तिकेतील बायोप्सी, शस्त्रक्रिया आणि प्रश्नांची यादी एवढाच भाग जरी संस्थेच्या परवानगीने आणि एखाद्या कर्करोगतज्ज्ञांच्या नजरेखालून मराठीत आला, तरी ते काम फार मोठे होईल. यंत्राने केलेल्या भाषांतरावर मात्र सुईची दिशा सोपवू नये.

ज्यांच्या घरी निदान नुकतेच झाले आहे आणि शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी ही सेवा अवश्य वापरावी. गाठ पुन्हा उद्भवली असेल त्यांच्यासाठी २०१७ साली ‘ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’मध्ये आलेल्या स्वतंत्र शिफारशी आहेत, त्यांचाही आधार संस्थेच्या साहित्यात घेतलेला आहे, तो भाग रुग्णाला लगेच न देता घरातील कोणीतरी आधी वाचलेला बरा. निदानाबद्दल शंका असेल तर केवळ कागदी अहवालावर विसंबू नये. पहिल्या रुग्णालयातून गाठीच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेवरच्या स्लाइड लेखी अर्ज करून ताब्यात घ्याव्यात, कारण दुसरे मत घेताना मोठ्या केंद्रातील डॉक्टर तेच आधी मागतात. संशोधनाला देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की परदेशी संस्थेला दिलेल्या रकमेवर आपल्याकडे प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळत नाही.