कोळशाच्या वड्यांत निघाली माती: ग्रिलसाठी ब्रिकेट घेताना मी कसा फसलो

मागच्या वर्षी मी ग्रिलसाठी ब्रिकेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांच्या, दहा गोण्या एकदम घेतल्या. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा माती-वाळू निघाली. पैसे गेले ते गेलेच, पण माणसं जेवायला बोलावलेली असताना चार तास धुरावर ठेवलेलं मांस फेकून द्यावं लागलं, ते मला जास्त लागलं. ज्या पद्धतीने मला फसवलं ती इतकी साधी आहे की आणखी कितीतरी जण तिला सहज बळी पडतील. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

परसात ग्रिल लावायचा नाद मला तीन-चार वर्षांचा. आधी नुसता लाकडी कोळसाच वापरायचो. तो भरभर पेटतो, धगही जोरदार देतो, पण तुकडे लहानमोठे असल्याने आच एकसारखी राहत नाही. झटपट भाजायला तो उत्तम. स्मोकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर आणि धुरावर मांस शिजवायच्या झाकणाच्या ग्रिलमध्ये, मात्र सहा-सात तास तापमान साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सियसच्या मध्ये धरून ठेवावं लागतं, आणि तिथे एकाच आकाराच्या वड्या फार उपयोगी पडतात. एक पेटली की शेजारची, मग तिच्या शेजारची, असं ते संथ चालतं. म्हणून ब्रिकेटकडे वळायचं ठरवलं.

एका ओळखीच्याने विक्रेत्याचा नंबर दिला. तो नमुना घेऊन घरीच आला. पहिली वडी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, वजन बघा. घट्ट दाबलेला माल आहे, म्हणूनच जास्त वेळ जळतो." मग चार वड्या पेटवल्या. दहा मिनिटांत त्यांच्यावर पांढरी राख चढली. "राखेचा रंग बघा. शुद्ध लाकडाची हीच खूण." मला दोन्ही पटलं. आठ तास आच, राख नावापुरती, आत लाकडाशिवाय काही नाही, असं त्याने तोंडी सांगितलं. दहा गोण्या घेतल्या तर सवलत होती. मी लगेच पैसे दिले.

त्या दोन्ही खुणांत किती फसवं होतं ते मला नंतर उमगलं. वडी घट्ट दाबली तर ती जड होते हे खरंच आहे, म्हणून तर ते बोलणं कानाला पटतं. पण माती आणि वाळू कोळशापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे थोडी जरी मिसळली तरी वडी हाताला भरीव लागते. शिवाय माल विकला जातो वजनावर. म्हणजे मातीचेही आपण कोळशाच्या भावाने पैसे मोजतो. आणि पांढरी राख? काही उत्पादक वड्यांमध्ये चुनखडी मुद्दाम घालतात, कारण राख पांढरी दिसली की निखारे तयार झाले हे कळतं. लवकर पेट घ्यावा म्हणून सोडियम नायट्रेटही घालतात. गोणीवर तसं लिहिलेलं असेल तर त्याला मी लबाडी म्हणणार नाही. पण पांढऱ्या राखेवरून शुद्ध लाकूड सिद्ध होत नाही, एवढं नक्की.

आता त्या दिवसाचं सांगतो. मी न पेटलेल्या वड्यांचा ढीग रचला आणि वर चिमणी स्टार्टरमधल्या (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यातल्या) पेटलेल्या वड्या ओतल्या, म्हणजे वरून खाली सावकाश पेट जाईल. पहिले दोन तास तापमान ११५च्या आसपास होतं. मी निर्धास्त झालो. अडीच तासांनी काटा १०० वर आला, तिसऱ्या तासाला ८५ वर. खालचे झरोके पूर्ण उघडले तरी फरक नाही. झाकण काढून सळईने ढोसलं तेव्हा कारण दिसलं. कोळशाची राख हलकी असते, फुंकर मारली की उडते, जाळीतून आपोआप खाली पडते. इथे प्रत्येक वडीचा आकार जसाच्या तसा उभा होता. सळई लागली की ती फुटून विटकरी रंगाची ढेकळं होत होती आणि बोटांत चोळली की कचकच लागत होती. त्या ढेकळांनी झरोके बुजले होते, खालून हवाच येत नव्हती.

घाईघाईने वरून नव्या वड्या टाकल्या. ही माझी चूक होती. त्यांतून दाट, पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला. कोळसा नीट न करपवता लाकडाचा अर्धाकच्चा भुसा दाबला की असा धूर येतो, आणि त्याचा कडूपणा थेट अन्नात उतरतो. चार तास उलटल्यावर मांसाच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर ४६ अंश. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि आमचं मांस त्याच पट्ट्यात तासन्‌तास अडकलेलं होतं. वहिनी म्हणाली, "आता पुन्हा तापवून काय उपयोग? लहान मुलं आहेत घरात." तिचं बरोबर होतं. सगळं फेकलं.

दुसऱ्या दिवशी मी एक वडी फोडून पाण्याच्या काचेच्या भांड्यात टाकली. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चच्या खळीने चिकटवलेली, त्यामुळे ती पाण्यात भिजून सुटी व्हायला हवीच, त्यात दोष नाही. सकाळी ढवळलं, काळं पाणी हळूच ओतून टाकलं, पुन्हा पाणी घातलं, असं चार-पाच वेळा केलं. तळाला बोटाच्या पेराएवढा थर उरला: वाळू, खडे आणि चिकट माती. मग एक किलो वड्या मोजून पत्र्याच्या डब्यात उघड्यावर पूर्ण जळू दिल्या. निवल्यावर उरलेलं तोललं तर ३३० ग्रॅम. युरोपीय मानक ईएन १८६०-२ प्रमाणे ब्रिकेटमध्ये राख जास्तीत जास्त १८ टक्के, ओलावा जास्तीत जास्त ८ टक्के आणि स्थिर कार्बन (तापवल्यावर वायू निघून गेले की उरणारा, जळणारा कार्बन) किमान ६० टक्के असावा लागतो. अख्ख्या लाकडी कोळशाला तर राखेची मर्यादा ८ टक्केच आहे. माझ्या वड्या ३३ वर होत्या.

कुणीतरी सुचवलं म्हणून राखेवर व्हिनेगरही टाकून पाहिलं. फेस आला. पण या परीक्षेवर विसंबू नका, कारण शुद्ध लाकडाच्या राखेतही कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि तिलाही फेस येतो. न जळलेल्या वडीच्या भुकटीवर टाकून भरपूर फेस आला तर मात्र चुनखडीचा संशय घ्यायला जागा आहे.

सगळ्या गोण्या उघडल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वरचे दोन थर नमुन्यासारखे होते, काळेभोर आणि गुळगुळीत. खालच्या वड्या मळकट करड्या, काहींच्या कडा हाताने चुरत होत्या. वरचं बघून समाधान मानायचं आणि खालचं नंतर कळायचं, असाच तो बेत असणार.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, तुमच्या ग्रिलचेच झरोके लहान आहेत. मग म्हणाला, पावसाळी हवेने माल दमट झाला असेल. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो हे खरं आहे, पण ओलीने वाळू तयार होत नाही. तळातल्या थराचा फोटो पाठवल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं. तक्रार करायची म्हणून बिल काढलं, तर त्यावर फक्त "कोळसा, १० गोणी" एवढंच. गोणीवर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, कशापासून बनवलंय ते नाही, निव्वळ वजनही नाही. "शुद्ध लाकूड" हे शब्द फक्त त्याच्या तोंडी होते. मी कशाच्या जोरावर भांडणार होतो?

ब्रिकेट हा प्रकारच खोटा आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत १८९७ मध्ये एल्सवर्थ झ्वॉयरने त्याचं पेटंट घेतलं, १९२०च्या दशकात हेन्री फोर्डने गाड्यांसाठी लागणाऱ्या लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून त्या बनवायला सुरुवात केली. वाया जाणारा भुसा-चुरा कामी आणायचा ही कल्पना चांगलीच आहे. नारळाच्या करवंटीच्या चांगल्या ब्रिकेट तर कमी राख देतात आणि बराच वेळ टिकतात. पण भुकटी करून दाबलेल्या वस्तूत काय काय दडवता येतं, ते डोळ्यांना दिसत नाही. अख्ख्या कोळशात लाकडाच्या रेषा तरी दिसतात.

आता मी एकच गोणी घेतो, आणि तीही मधून हात घालून, तळातली वडी काढून. ती मोडून बघतो: आतून एकसारखी काळी हवी, तपकिरी पट्टा दिसला तर कोळसा कच्चा. घरी आणल्यावर पाण्याची परीक्षा करतो आणि एक किलो जाळून राख तोलतो. यात वेळ जातो, पण कंटाळा करू नका. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकाला आता माझ्या लेखी किंमत नाही, भेसळ तिसऱ्या तासाला कळते. बिलावर "शुद्ध लाकडी कोळशाचे ब्रिकेट, राख अमुक टक्के" असं लिहून मागतो. जो लिहून द्यायला नकार देतो त्याच्याकडून घेत नाही. सध्याच्या मालाची एका किलोला ९० ग्रॅम राख पडते आणि स्मोकर सहा तास न ढोसता चालतो.

फसलेल्या मालाच्या सात गोण्या अजून भिंतीला लागून आहेत. एका परिचिताने त्या थंडीत खोलीत ऊब म्हणून जाळायला मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत, आणि तुम्हीही कुणाला असं करू देऊ नका. कोळसा चांगला असो की भेसळीचा, बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. त्या परिचिताला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, खिडकी थोडी उघडी ठेवेन की. तरीही मी नाहीच म्हटलं.