टीडीएस पेन: यंत्र चोख, सोबतचा कागद मात्र फाडून टाका

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली, तेव्हापासून आमच्या सोसायटीत पाण्याचा धसकाच बसलाय. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस हे जंतू सापडल्याच्या बातम्या आल्या आणि घरोघरी टीडीएस पेन आले, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ (टीडीएस) आकड्यात दाखवणारं पेनाएवढं यंत्र. ऑनलाइन अडीच-तीनशे रुपयांत मिळतो. जावयांनी मलाही एक पाठवला. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे "काकू, आमचं ११० आलं, चालेल का?" हा प्रश्न मला लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

वस्तू म्हणून पेन उत्तम आहे. टोपण काढायचं, टोकाच्या दोन पिना पाण्यात बुडवायच्या, जरा हलवून बुडबुडे घालवायचे आणि आकडा थांबला की होल्डचं बटण दाबायचं. पाणी गरम असेल तर वीज जास्त वाहते, दर अंशाला साधारण दोन टक्के, पण तापमानाची ती दुरुस्ती पेन स्वतःच करतो. खरा की खोटा हे तपासायला लॅबमध्ये ३४२ पीपीएमचं (म्हणजे लिटरला ३४२ मिलिग्रॅमचं) मिठाचं तयार द्रावण असतं. घरी पाच लिटर आरओच्या (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात पाच ग्रॅम मीठ नीट विरघळवा, हजाराच्या आसपास आकडा यायला हवा. माझ्या पेनने ९७० दाखवला. या किमतीत याहून जास्त काय मागणार?

आता त्याच आरओच्या पाण्याच्या दुसऱ्या पेल्यात दोन चमचे साखर ढवळून पेन बुडवा. आकडा जवळजवळ तिथल्या तिथेच! एवढी साखर विरघळली तरी पेनला पत्ता नाही. कारण तो विरघळलेले पदार्थ मोजतच नाही. दोन पिनांमधून किती वीज वाहते ते बघतो, त्याला साधारण निम्म्याने गुणतो आणि उत्तराला टीडीएस म्हणतो. क्षार वीज वाहून नेतात, साखर नेत नाही. शेतातून झिरपून आलेली बरीचशी कीटकनाशकंही नेत नाहीत.

जंतूंचंही तेच. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आणि बाकीच्यांना चार-पाच दिवसांआड, अशी परिस्थिती होती. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. चोवीस तासवाल्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय हा मैल्यातला जंतू, आणि चार-पाच दिवसांआडवाल्या भागात ३१.७ टक्क्यांत! पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, मग शेजारच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. आमच्या लॅबमध्ये जुनी माणसं पाणी सुटल्याबरोबरचा पहिला लोंढा सोडून द्यायला सांगायची, ते उगाच नव्हे. असा थोडासा मैला मिसळला तर पेन पूर्वी ११० दाखवत असेल, तर नंतरही ११०-११२ च दाखवेल.

विषारी धातूंची गोष्ट तर आणखी वेगळी. अमेरिकेत फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली, पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही आणि जुन्या पाइपांतलं शिसं लोकांच्या पेल्यात आलं. शिशासाठी तिथली तेव्हाची कारवाईची मर्यादा १५ पीपीबी. तुमच्या पेनचा सगळ्यात लहान अंक एक पीपीएम, म्हणजे १००० पीपीबी. शिशाचं कशाला, आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या बोअरमधलं फ्लोराइड घ्या. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. चार मिलिग्रॅम असलं तरी पेनवर ४५० आणि ४५३ यांतला फरक, तोही ओळखू येणार नाही. पिढीच्या पिढी दातांवर तपकिरी डाग घेऊन वाढते ती अशा पाण्यावर.

विक्रेते याच पेनच्या जोरावर आरओ खपवतात. समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगा टाय लावून आला होता. त्याने आधी पेन दाखवला, मग दोन जोड सळ्यांचं एक यंत्र काढलं. एक जोड नळाच्या पाण्यात, एक आरओच्या. प्लग लावला. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ, आरओचं नितळ. "बघा मॅडम, हे तुम्ही रोज पिता." शेजारीण पांढरीफटक. मी आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव. तेही तपकिरी झालं. सळी लोखंडाची असते हो! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि तो गंज तळाशी बसतो. गाळ पाण्यातला नव्हे, त्याच्याच सळीचा. मुलगा बिचारा ओशाळला. त्याला तरी हे कोणी सांगितलं असणार?

मानकाचं म्हणाल तर आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं. धरणाचं शंभर-सव्वाशेचं पाणी आरओत घालायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त मोरीत सोडायचं आणि उन्हाळ्यात टँकर मागवायचा, हा उद्योग मला समजत नाही.

मग पेन का घ्यावा? फरक पकडायला. आमच्या नळाला एरवी ११० च्या आसपास असतं. एप्रिलमध्ये एका सकाळी ४३० आलं. वॉचमनला विचारलं तर रात्री टँकर वरच्या टाकीत रिकामा झाला होता आणि तो बोअरचा होता, हे कोणी सांगितलंच नव्हतं. लगेच ग्रुपवर टाकलं, दोन दिवस सगळ्यांनी पाणी उकळून घेतलं. ज्यांच्याकडे खरंच खारं पाणी आहे आणि आरओ लागतोच, त्यांना मेंब्रेन (आरओतला क्षार अडवणारा पडदा) कधी संपलं तेही पेन सांगतो. आत ९००, बाहेर ६० येत होतं ते २५० व्हायला लागलं की बदला. सर्व्हिसवाल्याच्या वर्षाच्या हिशोबावर जाऊ नका.

उकळण्याचं निघालंच आहे तर एक नवी गोष्ट. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड पाणी उकळताना जो चुना खाली बसतो, त्यात प्लास्टिकचे बारीक कण अडकतात. जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल तर जवळजवळ ९० टक्के कण जातात, ६० च्या खालच्या मऊ पाण्यात फक्त पाव हिस्सा. म्हणजे पातेल्याच्या बुडाशी बसणाऱ्या ज्या पांढऱ्या थराला आपण शिव्या देतो, तो कामाचा निघाला. उकळलेलं पाणी थंड करून वरचं गाळून घ्या, थर हलवू नका.

तक्रार एकच, पेनसोबत आलेल्या रंगीत कागदाची. त्यावर ० ते ५० ला हसरा चेहरा आणि 'आदर्श', ३०० च्या पुढे रडका. हा तक्ता कोणत्या मानकातून आला ते कागदावर कुठेही नाही. शून्याच्या जवळचं पाणी बॅटरीत घालतात.

पाच पैकी चार तारे. घेताना तापमान-दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनचा स्क्रू आहे का बघा, पिना कोरड्या करून टोपण लावा. पाण्याची खरी शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. मैल्याची शंका असेल तर काळी पडणारी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली मागवा. ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ मध्ये काढलेली ही चाचणी आहे. पाणी भरून एक-दोन दिवस घरातच ठेवायची, काळी झाली तर ते पाणी पिऊ नका, पेन काहीही म्हणो.