औषधांची पिशवी आणि आमच्या डॉक्टरबाई : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून आम्ही आईला (वय 68, रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी) कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फॅमिली डॉक्टरांकडे नेत आहोत. त्याआधी तिच्या तीन दुखण्यांना तीन डॉक्टर होते आणि तिघांच्या तीन फायली होत्या. त्या एकत्र ठेवून वाचणारे मात्र कोणी नव्हते.

डॉक्टरबाईंचे एमबीबीएस मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून झालेले आहे. त्यानंतर त्यांनी चंदगड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले आणि पुढे फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी केले. हा एमबीबीएसनंतरचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, हे आम्हाला त्यांच्याकडे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. पाटीवर एमडी नसले की साधा सर्दी-तापाचा डॉक्टर, असाच आमचा समज होता. आधी विचारायचे, मग हाताने तपासायचे आणि तरीही शंका उरली तरच रक्त काढायला पाठवायचे, हा त्यांचा क्रम बहुधा चंदगडच्या दिवसांतला असावा.

पहिल्या भेटीत त्यांनी एकही औषध दिले नाही, याचा आईला थोडा रागच आला होता. "काकू, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा, बंद केलेल्यासुद्धा," एवढे सांगून त्यांनी चार दिवसांनी बोलावले. दुसऱ्या भेटीत पिशवी टेबलावर उपडी करून त्या प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरातले घटक वाचत गेल्या आणि दोन पाकिटे उचलून त्यांनी माझ्यासमोर शेजारी-शेजारी ठेवली. कंपन्या वेगळ्या, नावे वेगळी, रंगही वेगळे; पण दोन्हींत रक्तदाबाचे एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन होते, एकात सुटे आणि दुसऱ्यात आणखी एका औषधाबरोबर एकाच गोळीत. त्या औषधाने काही जणांचे, विशेषतः मात्रा वाढल्यावर, घोटे सुजतात. आईचे घोटे वर्षभर सुजलेले होते, त्या सुजेसाठी कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली होती आणि त्या गोळीमुळे ती रात्री तीन-तीन वेळा उठत होती. म्हणजे एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी गोळी सुरू झाली होती. डॉक्टरबाईंनी सुटी गोळी लगेच थांबवली, लघवीची गोळी पंधरा दिवसांनी बंद केली आणि तीन आठवड्यांत आईच्या पायात जुन्या चपला पुन्हा बसू लागल्या.

त्याच पिशवीत डायक्लोफेनॅकच्या दोन स्ट्रिप निघाल्या. गुडघे दुखले की आई त्या मेडिकलमधून स्वतःच आणत असे, चिठ्ठी कोणी मागत नसे. या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, हे डॉक्टरबाईंनी समजावले आणि त्या दिवशीची एकमेव तपासणी, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची, लिहून दिली.

रक्तदाबाच्या बाबतीत दवाखान्यातल्या एका आकड्यावर त्या विसंबत नाहीत. घरी मशीन घ्यायला लावले आणि पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, उघड्या दंडाला पट्टा बांधून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी करायला सांगितले. दवाखान्यात 158/94 दाखवणारी आई घरी सरासरी 132/80 वर होती. घरच्या मोजमापात 135/85 ही सीमा धरतात, त्यामुळे गोळी वाढवण्याचे कारण उरले नाही. आहाराविषयी त्यांनी छापील तक्ता दिला नाही; खर्डा, लोणचे आणि पापड आठवड्यातून किती वेळा होतो, एवढेच विचारले. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, हे ऐकून आई घरी येईपर्यंत गप्प होती.

ऑगस्टमध्ये मला ताप आला तेव्हा मी सवयीने इंजेक्शन मागितले आणि नकार ऐकला. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी घ्यायला सांगून, डेंग्यूची शंका फिटेपर्यंत दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, असे त्यांनी बजावले. तिसऱ्या दिवशी डेंग्यूसाठीची एनएस-1 आणि प्लेटलेटची तपासणी झाली, दोन्ही ठीक निघाल्या आणि अँटिबायोटिकशिवाय ताप गेला.

आता तक्रारी. नंबर लावून गेले तरी तास-दीड तास बसावे लागते, कारण आतल्या रुग्णाला त्या घाईने बाहेर काढत नाहीत; आपली पाळी आली की हाच दोष गुण वाटतो, हे कबूल करतो. फोनवर औषध बदलून देत नाहीत. बोलणे रोखठोक आहे आणि माझ्या वजनावरून त्यांनी आईसमोर केलेली टिप्पणी मला अजून आवडलेली नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्या गावाला गेल्या की बदली डॉक्टर नसतो. दिवाळीत आईला चक्कर आली तेव्हा आम्हाला दुसरीकडे धावावे लागले. मात्र त्यांनी मोठ्या अक्षरांत, औषधांच्या मूळ नावांनिशी लिहून दिलेला एक कागद बरोबर होता आणि तिथल्या तरुण डॉक्टरला तो वाचून दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. साखर 62 वर आली होती. परतल्यावर डॉक्टरबाईंनी कोणाला दोष न देता मधुमेहाची एक गोळी अर्ध्यावर आणली आणि उपवास कोणत्या दिवशी असतात ते केसपेपरवर लिहून घेतले.

पहिल्यांदा जाणार असाल तर संध्याकाळी सहाच्या आधी जा आणि गोळ्यांची पिशवी न विसरता न्या. आमची आता स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते. जूनमध्ये तिच्यात अकरा पाकिटे होती, आज पाच आहेत.