चघळणाऱ्या पिल्लासाठीचा संच : खेड्यातील सात महिन्यांचा अनुभव

डिसेंबर महिन्यात हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगावर झोपलेले दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आम्ही घरी आणले आणि त्याचे मूळ लक्षात ठेवून नाव बोंड्या ठेवले. फेब्रुवारी उजाडेपर्यंत या बोंड्याने दोन जोड चपला, बाजेच्या पायांची टोके, मोबाइलच्या चार्जरची वायर (सुदैवाने ती बोर्डात लावलेली नव्हती), बैलाचा एक कासरा आणि घरपट्टीची पावती एवढा ऐवज दातांखाली घातला होता. हे सर्व मी निमूटपणे सोसले. परंतु माझ्या वडिलांनी सागवानातून कोरलेला आणि घरातील तीन पिढ्यांनी तान्ह्या पोळ्याला मिरवलेला लाकडी नंदी पुढच्या उजव्या पायाच्या खुरापर्यंत कुरतडलेला सापडला, त्याच रात्री मी पुतण्याकडून मोबाइलवर ‘चघळण्याची सवय सोडवणारा संच’ मागवून घेतला. त्या संचाविषयी हे लिहीत आहे. पाचपैकी तीन तारे मी देतो, आणि ते तीनही मुख्यतः त्यातील एकाच वस्तूचे आहेत.

संच 1,850 रुपयांना पडला. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नसल्याने तो तालुक्याच्या ठिकाणाहून आणावा लागला. खोक्यात पोकळ रबरी खेळणे, 100 मिलिलिटर कडू फवारा, नायलॉनचे हाड, सुती दोरीचा विणलेला गोळा आणि प्रशिक्षिकेशी व्हिडिओ कॉलवर दोनदा बोलण्याचे कूपन अशा वस्तू होत्या. माहितीपत्रक संपूर्ण इंग्रजीत होते, ही पहिली तक्रार. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे माझे निभावले. पण हाच संच माझ्या शेजारच्या कास्तकाराने मागवला असता, तर कोणती वस्तू केव्हा द्यायची हे त्याला कोणी सांगितले असते?

फवाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण जाहिरातीत सर्वांत मोठी अक्षरे त्याचीच होती. त्यातील मुख्य द्रव्य डिनॅटोनियम बेंझोएट हे आहे. 1958 साली एडिंबरा येथील एका औषध कंपनीत, बधिर करणाऱ्या औषधांवर काम चालू असताना ते योगायोगाने हाती लागले, आणि माणसाला ठाऊक असलेल्या पदार्थांत ते सर्वांत कडू समजले जाते. याची खात्री मला फार लवकर पटली. बाजेच्या पायांवर फवारणी करून मी हात नीट न धुता भाकर मोडली. त्या भाकरीचा, वरणाचा आणि त्यानंतर घेतलेल्या चहाचाही घोट कडू लागला, आणि घरची मंडळी मात्र हसत राहिली. बोंड्याने तो पाय हुंगला, एकदा चाटला, दोनदा शिंकला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्याच बाजेची नवार धरली. फवारा त्याला फक्त एवढेच सांगत होता की येथे चव वाईट आहे. मग कोठे चावायचे, हे सांगण्याची सोय त्या बाटलीत नाही. शिवाय अंगणातील धूळ आणि रोजचा सडा यांपुढे त्याचा कडूपणा फार टिकत नाही, दररोज नव्याने मारावा लागतो. आता ठिबकच्या नळ्यांचेच उदाहरण घ्या. पाणी सुटल्यावर नळीत होणाऱ्या सळसळीमुळे बोंड्याला वावरातील लॅटरल चावण्याचा मोठा नाद लागला होता. चार फुटांवर ओळ धरली, तर एका एकरात सव्वातीन हजार मीटरच्या आसपास नळी पसरलेली असते. तिच्यावर 100 मिलिलिटरची बाटली कोणी आणि कशी मारायची? त्यावर उपाय निघाला तो साधाच होता: धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सावलीत पाण्याची घमेली भरून ठेवली आणि पाणी सोडण्याच्या वेळी बोंड्याला दोरीने जवळ बांधून घेतले.

रबरी खेळण्याविषयी मात्र मला मनापासून चांगले लिहायचे आहे. या प्रकारच्या पोकळ खेळण्याचा जन्मही मजेदार आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाचा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावून दात झिजवत असे. 1970 च्या दशकात गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगनच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्या कुत्र्याच्या हाती लागला, त्याने तो सोडला नाही, आणि त्यावरूनच पुढे ‘काँग’ नावाचे खेळणे निघाले. माझ्या संचातील वस्तू त्या कंपनीची नाही, परंतु घडण त्याच धर्तीची आहे: तीन फुगवटे, मध्ये पोकळी, जमिनीवर आपटले की वाकडीतिकडी उसळी. आत भरण्यासाठी माहितीपत्रकात शेंगदाण्याचे विकतचे लोणी सुचवले आहे. बाजारातील काही लोण्यांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विषारी ठरतो, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा चुरा, घरचे दही आणि मीठ-तिखट न घातलेला शेंगदाण्याचा कूट एकत्र कालवून पोकळीत दाबायचा, तोंडाशी गाजराचा तुकडा बसवायचा आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा, ही आमची पद्धत ठरली. कांदा आणि मनुके या मिश्रणात चुकूनही जाऊ देऊ नयेत. दोन्ही कुत्र्याला अपायकारक आहेत.

मार्चमध्ये बोंड्या पाच महिन्यांचा असताना अंगण झाडताना मला त्याचा दुधाचा दात सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका टोकाला किंचित लालसर. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात; साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत 42 कायमचे दात त्यांची जागा घेतात. या काळात हिरड्या इतक्या शिवशिवत असतात की चावणे ही त्याची खोडी नसून गरज असते, आणि गोठवलेले रबर त्या गरजेला नेमके पुरते. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे गेला, तेव्हा तेच खेळणे त्याची दुपार थंड करण्याच्याही कामी आले. अर्थात भारनियमनाच्या दिवशी बर्फाऐवजी नुसताच थंडगार लगदा हाती येई आणि बोंड्या तो दहा मिनिटांत फस्त करी. घट्ट गोठलेला असला की पाऊण तास जात असे. त्या पाऊण तासात बाज, कासरा आणि चपला सुरक्षित राहत. सात महिन्यांनंतर रबरावर दातांच्या खुणा आहेत, पण एकही तुकडा सुटलेला नाही. मोठ्या मापाचे घ्यावे, एवढेच सुचवतो. जे तोंडात पूर्ण मावते, ते घशात अडकू शकते.

नायलॉनचे हाड आणि दोरीचा गोळा यांविषयी थोडक्यात. हाडावर नख दाबून पाहिले, तर किंचितही वण उमटत नाही. एवढ्या कठीण वस्तूने दात फुटू शकतो, म्हणून ते कपाटात पडून आहे. दोरीचा गोळा आठ दिवसांत सुटला आणि वीतभर धागा बोंड्याच्या तोंडातून ओढून काढावा लागला. असा धागा पोटात गेला तर आतडी चुण्यांसारखी गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, आणि आमच्या गावातून तशी सोय असलेले ठिकाण म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास. ही वस्तू ‘देखरेखीखालीच द्यावी’ हे वाक्य खोक्यावर ठळक असायला हवे होते. ते तळाशी, मुंगीच्या अक्षरांत आहे.

प्रशिक्षिका पुण्याच्या होत्या आणि त्यांनी अत्यंत धीराने शिकवले. पहिल्याच कॉलमध्ये मी नंदीची हकीकत सांगितली आणि बोंड्याला दोन रपाटे दिल्याचेही कबूल केले. शिवाय ‘त्याला आपली चूक कळली होती, तोंड पाडून बसला होता’ असा माझा दावा होता. त्या म्हणाल्या, “काका, तो चुकीमुळे नाही, तुमच्या आवाजामुळे तोंड पाडतो.” अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली नेमके हेच तपासले होते: कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो अपराधी दिसे. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून मीही काही मुलांची तोंडे अशीच वाचली असतील, असे तेव्हा मनात आले. पण तो विषय वेगळा.

प्रशिक्षिकांनी शिकवलेली अदलाबदलीची रीत या संचातील दुसरी खरी कमाई. बोंड्याच्या तोंडात चप्पल असेल तर मागे धावायचे नाही, कारण धावलो की तो त्याला खेळ वाटतो. उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा नाकाजवळ धरायचा, जबडा सैल झाला की ‘सोड’ म्हणायचे, तुकडा द्यायचा आणि लगेच रबरी खेळणे पुढे करायचे. पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा-बारा वेळा हे केले. तिसऱ्या आठवड्यात नुसत्या ‘सोड’ शब्दावर चप्पल खाली पडू लागली. मध्येच एक घोटाळा झाला: अंडे मिळते म्हणून तो मुद्दाम चप्पल आणून पुढ्यात ठेवू लागला. यावर त्यांनी उपाय सुचवला की तो काहीही न उचलता शांत बसलेला असतानाही मधूनमधून तुकडा द्यावा. तो लागू पडला.

तक्रार आहे ती दुसऱ्या कॉलची. सल्ला सदनिकेच्या हिशेबाने दिलेला होता: दार लावून घ्या, कोपऱ्यात जाळीचे कुंपण उभारा. आमच्या घराला ओसरी आहे, तिला दार नाही. मी तुराट्यांची ताटी बांधली, ती त्याने दोन दिवसांत चघळून काढली. शेवटी जुनी बाज आडवी लावून कोपरा अडवला. याहून गंभीर बाब म्हणजे, घरात कोणत्या वस्तू दूर ठेवाव्यात या यादीत फिनेल, चॉकलेट आणि कुंडीतील झाडे होती. सरकीची ढेप, म्हणजे जनावरांना घालायची पेंड, नव्हती. ढेपेत गॉसिपॉल हे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना ते बऱ्यापैकी सोसते, कुत्र्याला सोसत नाही, आणि खुराकाच्या घमेल्यात तोंड घालणारे पिल्लू आमच्याकडे घरोघरी असते. औषध लावलेले रंगीत बियाणे, उंदरांचे विष, कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या यांचाही उल्लेख नव्हता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून आमच्या भागात माणसे तोंडाला दुपट्टा बांधू लागली, पण रिकामी बाटली अजूनही धुऱ्यावरच फेकली जाते. जुलैमध्ये बोंड्या अशीच एक बाटली तोंडात धरून आला. ‘सोड’ म्हणताच त्याने ती टाकली. मी त्याचे तोंड बराच वेळ पाण्याने धुतले, बाटली पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखाना गाठला आणि लाळ गळणे, थरथर किंवा बाहुल्या बारीक होणे यांपैकी काही दिसते का हे डॉक्टरांनी तासभर पाहिले. काही दिसले नाही. त्या दिवसापासून बाटल्या, बियाणे आणि ढेप कुलपाच्या पेटीत किंवा माळ्यावर आहेत.

तान्ह्या पोळ्याला नातीने नंदी साडेतीन पायांवरच मिरवला, पायाला पिवळी चिंधी बांधून. बोंड्या आता दहा महिन्यांचा आहे. बाजेकडे अधूनमधून पाहतो, चावत नाही, मात्र नवी चप्पल बाहेर राहिली तर अजूनही खात्री देत नाही. शेजाऱ्यांनीही नुकतेच एक पिल्लू आणले, म्हणून केवळ रबरी खेळणे सुटे मिळेल का, असे मी कंपनीला विचारले. ‘संचातच उपलब्ध’ असे उत्तर आले, सोबत फवाऱ्याच्या दुसऱ्या बाटलीवर दहा टक्के सवलतीचे कूपन.