नव्या साइटचा पत्ता कुठे कळवायचा? गूगल, बिंग, डिरेक्टऱ्या आणि ‘पाचशे सर्च इंजिन’वाले

मामेभावाने गुहागरला घरामागच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पुतणीने वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर साइट करून दिली. पंधरा दिवसांत त्याला फोन आला : ‘तुमची साइट पाचशे सर्च इंजिनांत आणि डिरेक्टऱ्यांत टाकून देतो, फक्त अडीच हजार.’ त्याने मला विचारलं, ‘दादा, देऊ का?’ मी म्हटलं, पाचशे राहू देत, त्यांना दहा नावं विचार. चौथ्या नावाला फोन कटला.

फुकटात जे करता येतं, त्यातलं कशासाठी अर्धा तास घालवावा आणि कशाकडे ढुंकूनही बघू नये, हे त्याला सांगितलं ते असं.

गूगलमध्ये पूर्वी कोणीही कुठल्याही पानाचा पत्ता टाकावा असा एक उघडा चौकोन होता. तो २०१८ मध्ये बंद झाला. आता सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट सोयीतून, जावं लागतं आणि साइट आपलीच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं : डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावाच्या नोंदी जिथे असतात तिथे) एक ओळ टाकून, किंवा गूगलने दिलेली फाइल साइटवर चढवून. खातं आपल्याच जीमेलवर असू द्या. साइट करून देणाऱ्याच्या खात्यावर सगळं ठेवलं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं, की आपल्याच घराची किल्ली मागत फिरायची वेळ येते. हे मी दोनदा निस्तरलंय. मग साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्यायचा. वर्डप्रेस २०२० पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, तो आपणहून बनवतं. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात. तीन खोल्यांच्या साइटला त्याची चिंता नको. मुख्य पानासाठी ‘इंडेक्स करा’, म्हणजे शोधाच्या यादीत घ्या, अशी विनंतीही करता येते. तीच विनंती रोज केल्याने काम लवकर होत नाही. काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि घेतीलच अशी हमी गूगल देत नाही. पैसे घेऊन लवकर घेण्याची सोयही त्यांच्याकडे नाही, त्यामुळे ‘गूगलमध्ये आमची ओळख आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

खरं तर दुसऱ्या कुठल्या साइटवरून दुवा असेल तर गूगल न सांगताही येतं. पण कालपरवा सुरू झालेल्या साइटला दुवा कोण देणार? म्हणून कळवायचं. सर्च कन्सोलचा खरा फायदा पुढेच कळतो : लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले, कोणतं पान गूगलने वगळलं आणि का.

बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनाला लोक हसतात. पण डकडकगो आणि याहू या सर्च इंजिनांचे निकाल बरेचसे बिंगकडूनच येतात, म्हणजे एका अर्जात तीन दारं. शिवाय सर्च कन्सोलमध्ये साइट असेल तर बिंगची तशीच सोय, बिंग वेबमास्टर टूल्स, ती तिथूनच उचलते, नव्याने काही सिद्ध करावं लागत नाही. पाच मिनिटांचं काम. बिंग आणि यांडेक्सने २०२१ मध्ये आणलेल्या इंडेक्सनाऊमुळे पान बदललं की लगेच कळवता येतं. गूगल त्यात नाही. रोज भाव किंवा माल बदलणाऱ्या दुकानाला ते उपयोगी, आमच्या भावाला गरज नाही. यांडेक्स आणि बायडूत वेगळी नोंद करायची तर गिऱ्हाईक रशियात किंवा चीनमध्ये हवं.

डिरेक्टऱ्यांत, म्हणजे साइट्सच्या विषयवार याद्यांत, नाव टाकण्याचा सल्ला जुन्या काळातून आलाय. याहूची डिरेक्टरी १९९४ ची, ती २०१४ मध्ये मिटली. स्वयंसेवक चालवत ती डीमॉझ १९९८ ते २०१७ चालली. तिच्यात नाव येणं तेव्हा खरंच मोलाचं होतं, कारण माणूस पाहून निवडत असे. तिचाच वारसा कर्ली नावाने सुरू आहे, फुकट आहे. योग्य विभाग शोधून अर्ज भरा आणि विसरून जा. बाकी ज्या शेकडो डिरेक्टऱ्यांत कुणी काही वाचत नाही, तिथले दुवे गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात हलक्या दर्जाचे म्हणून नावानिशी मोडतात. पाचशेच्या पॅकेजमध्ये नेमक्या याच भरलेल्या असतात.

गिऱ्हाईक पायाने आपल्याकडे येणार असेल तर मात्र वेबसाइटच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची आपल्या धंद्याची नोंद. गुहागरला निघालेला माणूस नकाशात बघतो. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात : रस्ता, पाटी, कुलूप उघडतानाचे आपण. म्हणून आधी पाटी लावा, मग अर्ज करा. फक्त ऑनलाइन विक्री करणाऱ्याला हे प्रोफाइल मिळत नाही. घरून फराळ कुरिअरने पाठवणाऱ्या ताईंनी इथे वेळ घालवू नये. आणि प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइटच्या भरवशावर कोणी असेल, तर ती सोय गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली.

जस्टडायल किंवा इंडियामार्टवरची साधी नोंद फुकट होते. शहरात दुरुस्ती, क्लास, केटरिंग असेल तर जस्टडायल. घाऊक माल विकायचा असेल तर इंडियामार्ट. पर्यटकांच्या तीन खोल्यांना दोन्हींचा उपयोग बेताचाच. कुठल्याही डिरेक्टरीत नंबर देताना वेगळं सिम द्या. एका ठिकाणी मी नेहमीचा नंबर दिला होता. त्या दिवाळीत शुभेच्छांपेक्षा कर्ज देणाऱ्यांचे फोन जास्त आले. नाव, पत्ता आणि नंबर सगळीकडे अगदी सारखे लिहा. एकीकडे ‘निवास’ आणि दुसरीकडे ‘होमस्टे’ असं नको.

मराठी साइटवाल्यांसाठी एक गोष्ट. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरं वापरून, लिहिलेला आहे ना, ते बघा. छापखान्याकडून आलेला श्रीलिपीतला (छपाईच्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर तसाच चिकटवला किंवा पत्रकाचा फोटो लावला, तर पान डोळ्यांना मराठी दिसतं, पण शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळेल असा मजकूर तिथे नसतो.

भावाचं सगळं त्या रात्री फोनवर बसून केलं, तरी आठवड्याने साइट कुठेच दिसेना. सर्च कन्सोलने कारण दाखवलं : नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान शोधाच्या यादीत घेऊ नका’ अशी सूचना. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगखाली, सर्च इंजिनांनी इकडे येऊ नये असं सांगणारा एक चौकोन असतो. साइट बांधताना पुतणीने त्यावर खूण केली होती आणि ती काढायची राहिली होती.