गरम इंजिनाचं कूलंट वीस मिनिटांत बदललं, म्हणे

मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा पुण्यात. आदल्या दिवशी दुपारी ठाण्याहून भांडुपला येताना एलबीएस मार्गावरच्या एका गॅरेजात फक्त हवा भरायला थांबलो. तिथल्या पोऱ्याने बॉनेट उघडायला लावलं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी ‘मिन’च्या रेघेखाली होती, हे खरंच. मग त्याने दोन थेंब फडक्यावर पाडून तपकिरी डाग दाखवला. “सडलंय साहेब.” फडकंही त्याचंच होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, मुंबईत कुठे बर्फ पडतोय, पाणी घाल की. त्यावर मालक बाहेर आला आणि त्याने माझी शाळाच घेतली. गोठू नये हा एक उपयोग झाला. आपल्याकडे ते उशिरा उकळावं आणि आत गंज धरू नये म्हणून घालतात. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की ते १०० ऐवजी १०६-१०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबामुळे त्याहूनही वर. बोअरिंगच्या पाण्याने रेडिएटरमध्ये खार धरतो. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि म्हणूनच मी फसलो. फ्लशिंग (आतून धुणं), ५ लिटर कूलंट, मजुरी मिळून २,८५० रुपये ठरले. मी समोरच्या टपरीवर कटिंग मारायला गेलो. वीस मिनिटांत गाडी तयार. बाटली हिरवीगार, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी खालापूर टोलनंतर घाटात ट्रकांच्या मागे रांगत असताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल. (मे महिन्यात, भरजरी साडीतल्या बायकोशेजारी बसून हे करून बघा. पण इंजिनातली उष्णता थोडी तरी निघते, काटा थांबतो.) खंडाळ्याला गाडी बाजूला घेतली. बाटलीत तळाशी बोटभर हिरवं उरलेलं. तासाभराने रेडिएटर हाताला गार लागल्यावर फडकं धरून झाकण उघडलं. आत पातळी बरीच खाली, आणि जे होतं ते गुलाबी.

म्हणजे माझंच जुनं कूलंट! नवीन म्हणून जे काय पडलं होतं ते फक्त बाहेरच्या बाटलीत. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या आणि हळूहळू पुणं गाठलं.

परत आल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने ते उरलेलं हिरवं पिचकारीसारख्या टेस्टरमध्ये ओढलं. ग्लायकॉल असलं की त्यातल्या रंगीत गोळ्या तरंगतात; इथे एकही वर आली नाही. रंगवलेलं पाणी. मग खाली वाकून त्याने रेडिएटरच्या खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप दाखवली. भोवती वाळलेल्या गुलाबी खाराचे थरावर थर, अनेक महिन्यांचे. कूलंट काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही. पातळी सारखी उतरत असेल तर ते कुठून तरी गळतंय. बदला म्हणणाऱ्याने आधी गळती शोधायला हवी होती. क्लिप ४० रुपयांची.

मला सगळ्यात लागलं ते त्याने पुढे विचारलं ते. “तुम्ही ठाण्याहून थेट तिथे गेलात ना? मग इंजिन गरम होतं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. त्याने उघडलं कसं?” अर्थातच उघडलं नव्हतं. गाडी गार व्हायलाच तासभर लागतो. पुढे जुनं काढायचं, साधं पाणी भरून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, पुन्हा गार करून ते काढायचं, मग नवीन भरून हवा काढायची. अर्धा दिवस जातो. त्याने माझ्यासमोरच सीलबंद कॅन फोडला, तोही गुलाबीच, कारण हिरव्या-गुलाबीची सरमिसळ काही वेळा आत साका धरते. रिकामा कॅन मी घरी आणला. जुनं कूलंटही त्याने कॅनमध्येच भरून ठेवलं. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. त्या पोऱ्याने बाटलीतलं गटाराशी ओतलं होतं.

गॅरेजात जाब विचारायला गेलो तर मालक शांतपणे म्हणाला, “क्लिप घाटात ढिली झाली असणार.” घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावण्याआधी बिल काढलं. वहीचा फाडलेला कागद. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना तारीख. नुसतं ‘कूलंट काम – २,८५०’.